पांढरीची माती उचलण्याआधी तिच्यातले दाणे वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात दोन बातम्या आल्या. पहिली भरडधान्यांच्या मेळाव्याची, फोटोसकट, पान दोनवर. ज्वारी-बाजरी हे इथले आदिम अन्न, आपले पूर्वज हजारो वर्षे तेच खात आले, असे तिथे एका वक्त्याने सांगितल्याचे त्यात आहे. दुसरी बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. एका गावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाची, माती उचलण्यावरून ग्रामसभेत वाद झाला आणि अखेर भरावासाठी व शेतात टाकण्यासाठी ती उचलायला हरकत नाही असे ठरले. या दोन्ही बातम्या एकाच विषयाच्या आहेत. पूर्वज काय खात होते याचा पुरावा त्या मातीत आहे, आणि ती माती ट्रॉलीत भरून चालली आहे.

माझी सगळी नोकरी सरकारी बियाणे तपासणी प्रयोगशाळेत झाली. आलेल्या नमुन्यातला शुद्ध दाणा एकीकडे, दुसऱ्या पिकाचा दाणा दुसरीकडे, तणाचे बी तिसरीकडे आणि काडीकचरा चौथीकडे, असे चिमट्याने निवडायचे, वजन करायचे, टक्केवारी लिहायची. कांद्याच्या बियात मिसळलेले तणाचे बी ओळखायचे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. निवृत्तीनंतर ओळखीतून एका उत्खननाच्या छावणीवर जाणे झाले आणि तिथे माती धुण्याच्या कामाला मी हात लावला. पहिल्याच दिवशी लक्षात आले की हे माझेच काम आहे, फक्त नमुना तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

हे काम कसे चालते ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही. चुलीजवळची, बळदातली, कचऱ्याच्या खड्ड्यातली राखट माती थरागणिक वेगळी, लिटरवर मोजून घेतात. ती पाण्याच्या पिंपात सोडून हाताने हळूहळू ढवळतात. माती आणि खडे तळाशी बसतात. जळून कोळसा झालेला दाणा हलका असतो, तो वर तरंगतो. वरचे पाणी अगदी बारीक जाळीच्या चाळणीतून ओततात आणि चाळणीत उरलेला काळा गाळ फडक्यात बांधून सावलीत वाळवतात. उन्हात वाळवला तर दाणे तडकतात. याला फ्लोटेशन म्हणतात. अमेरिकेत स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८ साली या पद्धतीवर लेख लिहिला आणि पुढच्या दशकात ती जगभर पसरली. त्याआधीच्या उत्खननांत धान्याचा डोळ्यांना दिसणारा ढीग सापडला तरच तो उचलला जाई. बाकी सगळे मातीच्या ढिगाऱ्यावर जाई.

दाणा टिकतो कसा, असे पुष्कळ जण विचारतात. कच्चा दाणा आपल्या हवेत टिकत नाही. बुरशी, कीड, उंदीर, पावसाळा यांतून तो पार पडत नाही. पूर्ण जळाला तर राख होते. पण चुलीच्या कडेला, राखेखाली, हवा कमी आणि आच मंद अशा जागी सांडलेला दाणा आतपर्यंत कोळसा होतो, आणि कोळशात खाण्यासारखे काही उरत नसल्याने किडा-बुरशी त्याच्या वाटेला जात नाही. भाजताना कढईबाहेर उडालेला मूठभर कुळीथ, मळणीनंतर चुलीत टाकलेला भुसा, घराला लागलेली आग, यांतूनच आपल्यापर्यंत काही पोचले आहे.

भिंगाखाली जवाचा जळका दाणा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ पाटावरून उठले नाही. दोन्ही टोकांना निमुळता, पोटाला उथळ खाच, पाठीवर कोंड्याच्या उभ्या कडांचे ठसे जसेच्या तसे. सहा रांगी जवाच्या लोंबीत प्रत्येक पेरावर तीन दाणे धरतात. मधला सरळ वाढतो, बाजूच्या दोघांना जागा कमी पडते म्हणून ते किंचित पिळलेले निघतात. तेव्हा नमुन्यात पिळलेले आणि सरळ दाणे साधारण दोनास एक मिळाले की पीक सहा रांगी जवाचे होते असे म्हणता येते. दोन रांगी जवात पिळलेला दाणा नसतोच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतात जवाची कोणती जात होती, हे असे पाटावर बसून कळते.

यासाठी संदर्भाचे दाणे लागतात, तेही जाळलेले, कारण जळताना दाण्याचे रूप बदलते. मी घरीच वाळूत दाणे मिसळून, झाकणबंद डब्यात, मंद आचेवर जाळून पाहते. गहू आणि जव आखूड होतात आणि फुगतात. कुळथाचे टरफल निघून जाते आणि दोन डाळी वेगळ्या होतात, चपट्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या. मसुराची डाळ भिंगाच्या आकाराची राहते. लाख या कडधान्याच्या दाण्याचे कोपरे शाबूत राहतात, त्यामुळे तो वाटाण्यापासून ओळखता येतो. तीळ-जवसासारखे तेलबी आच थोडी वाढली तरी फुटून जाते. त्यामुळे जुन्या नमुन्यात तेलबिया कमी दिसल्या म्हणजे लोक तेल खात नव्हते असा अर्थ काढता येत नाही. पालेभाजी तर अशा नमुन्यात जवळजवळ येतच नाही.

आता इनामगाव या प्राचीन वस्तीच्या ठिकाणाकडे येते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे वस्ती सुरू झाली आणि इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली. आधी माळवा संस्कृती, मग जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा म्हणजे पूर्वजोर्वे, मग नंतरचा म्हणजे उत्तरजोर्वे. जोर्वे हे गाव संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी आहे, तिथल्या उत्खननावरून हे नाव पडले. इनामगावची मडकी, घरे, मुलांचे कुंभातले दफन, मातीच्या मूर्ती यांवर भरपूर लिहिले गेले आहे. दाण्यांवर त्या मानाने सामान्य वाचकासाठी फारच थोडे. एम. डी. काजळे यांनी तिथल्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास केला. त्यातून दिसते की इनामगावचे मुख्य धान्य जव होते. जोडीला गहू. मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ, वाल ही कडधान्ये. बोरांच्या आठळ्याही मिळाल्या.

ही यादी शेतकऱ्याने वाचावी अशी आहे. जव, गहू, मसूर, वाटाणा, लाख ही सगळी रब्बीची पिके. शिरूर तालुका पर्जन्यछायेत आहे, पावसाचा भरवसा तेव्हाही नसणार. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडीत जव काढायचा, कारण जवाला गव्हापेक्षा पाणी कमी लागते, हा तिथल्या लोकांचा हिशेब होता. गहू पाणी मागतो. इनामगावात पूर्वजोर्वे काळात बांध घालून पाणी वळवण्यासाठी पाट खणल्याचा पुरावा मिळाला आहे आणि गव्हाचे दाणेही याच काळात आहेत. कुळीथ मात्र खरिपाचा, हलक्या जमिनीवरचा. म्हणजे हे गाव दोन हंगामांत दोन प्रकारच्या रानांवर पेरणी करत होते. मडक्यांवरची नक्षी कितीही सुरेख असली तरी तिच्यावरून हे कळले नसते.

उत्तरजोर्वे काळात चित्र बदलते. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती घटते, शिकार आणि गुरे-मेंढ्यांवर भर वाढतो. पाऊस कमी झाल्यामुळे असे झाले असे ढवळीकरांचे मत होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या बालकांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास करून दुष्काळाच्या या सरळ उत्तरावर शंका घेतली. हा वाद मिटवायचा तर दाणे, तणाच्या बिया आणि जळणाचा कोळसा यांचेच मोठे, नीट मोजलेले नमुने लागतील. कोळशाचा आडवा तुकडा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर लाकडातल्या छिद्रांच्या मांडणीवरून झाड ओळखता येते. आसपास काय जंगल होते आणि ते कधी विरळ झाले, हे त्यावरून कळते.

हवामानाचा पुरावा आपल्याकडे दुसरीकडूनही आला आहे. लोणार सरोवराच्या तळातला गाळ नळीने काढून त्याचे थर तपासले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन लांबलचक अवर्षणाचे काळ दिसतात, सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सरोवराच्या अशा गाळात परागकणही टिकतात. कोणत्या काळात गवत जास्त, कोणत्या काळात झाडे जास्त, हे ते सांगतात. लोणारच्या उल्केची गोष्ट शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. तिथल्या चिखलात दहा-अकरा हजार वर्षांच्या पावसाची नोंद आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

मेळाव्यातल्या विधानाबद्दल आता बोलते. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही पिके मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये कसाला शहराच्या परिसरात मडकी घडवताना मातीत कोंडा मिसळत. त्या मडक्यांच्या तुकड्यांत लागवडीच्या ज्वारीच्या कोंड्याचे ५००० वर्षांहून जुने ठसे ओळखले गेले आणि २०१७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. बाजरीचा असाच पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधून, इ.स.पू. २५०० च्या सुमाराचा. नाचणीही पूर्व आफ्रिकेतली. ही धान्ये भारतात पोचली ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात. त्यानंतर ती इथल्या जमिनीत रुजली, इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कणसे निवडून त्यांच्या जाती केल्या. मंगळवेढ्याची मालदांडी ही आपल्याच शेतकऱ्यांची कमाई आहे, तिच्याबद्दल मला पूर्ण अभिमान आहे. ज्वारी खावी, जरूर खावी. पण ती खाण्यासाठी खोटा इतिहास सांगायची गरज नाही.

दख्खनच्या मातीशी अधिक जुने नाते सांगायचे तर ते कुळथाचे आहे. कुळीथ, मूग, उडीद ही इथेच, भारतात माणसाळवलेली कडधान्ये. कर्नाटकात बल्लारीजवळचे संगनकल्लू आणि तुंगभद्रेकाठचे हल्लूर इथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत प्राचीन वनस्पतींचे अभ्यासक डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा तीच चौकडी मिळाली: मूग, कुळीथ आणि दोन बारीक गवती धान्ये. त्यांपैकी एकाला कन्नडमध्ये कोरले म्हणतात आणि कर्नाटकाच्या काही भागांत ते अजून पिकते. दुसरे राळ्याच्या नात्यातले गवत आहे, आज आपण ते तण म्हणून उपटून टाकतो. कुळथाचे पिठले आणि कळण ज्या घरांत अजून होते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. भरडधान्यांच्या मेळाव्यात कुळथाचा एकही गाळा नसतो, याचे मला फार वाईट वाटते.

जुन्या उत्खननांच्या अहवालांत ज्वारी-नाचणीचे फार प्राचीन उल्लेख आढळतात, ते वाचून कोणी माझे वरचे म्हणणे खोडून काढेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, बारीक धान्याचा कोंडा निघून गेला की राळा, वरी, नाचणी, सावा यांचे जळके दाणे एकमेकांसारखे दिसतात. भ्रूणाचा खळगा दाण्याच्या किती भागापर्यंत येतो, अर्ध्यापर्यंत की दोन तृतीयांशापर्यंत, हे मोजूनच ओळख पटते. फुलर यांनी नाचणीच्या अनेक जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्याच धान्यांच्या निघाल्या. दोन, दाणा ज्या थरात सापडला त्याच थराचा असतो असे नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. कालपरवाचा दाणा त्यातून खाली जातो. उंदीर आणि मुंग्या बिया बिळात नेतात. म्हणून आता एकेका दाण्याचेच रेडिओकार्बन वय काढतात. पूर्वी त्यासाठी ओंजळभर कोळसा लागे आणि तो एखाद्या जुन्या खोडाचा असला तर वयही जुने येई. दाणा एकाच हंगामाचा असतो, त्यामुळे त्याचे वय नेमके बसते. पण त्यासाठी तो दाणा जपून ठेवलेला हवा.

आणखी एक खबरदारी, जी आपल्याकडच्या माणसाला सहज पटेल. जळके बी मिळाले म्हणजे ते माणसाने खाल्ले, असे होत नाही. गोवऱ्या जाळणाऱ्या गावात गुरांनी खाल्लेल्या गवताचे आणि तणाचे बी शेणातून चुलीत जाते. चंदनबटव्याच्या बिया भरपूर निघाल्या तर ती भाजी होती, रब्बीच्या शेतातले तण होते की शेणातून आलेले बी होते, हे सोबतच्या इतर बियांवरून ठरवावे लागते. प्रयोगशाळेत आम्हाला तणाचे बी म्हणजे नमुन्याचा दोष वाटे. इथे तेच सगळ्यात बोलके असते. तण खरिपाचे की रब्बीचे, पाणथळ रानातले की मुरमाड, बुटके की उंच, यावरून पेरणी कधी झाली, शेत कुठले होते आणि कणसे वरून खुडली की बुडापासून कापली, इतके अंदाज बांधता येतात.

दाण्यांखेरीजही वनस्पतींच्या खुणा टिकतात. गवतवर्गी झाडे जमिनीतून सिलिका शोषून पेशींत साठवतात. पान कुजले तरी त्या पेशींचे काचेसारखे साचे मातीत राहतात, आणि तांदळाच्या तुसाचा साचा वेगळा ओळखता येतो. हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या फरमाणा इथे अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी सिंधू संस्कृतीच्या काळातली मडकी आणि दातांवरचे कीटण तपासले, तेव्हा त्यांत हळद, आले आणि वांगे यांचे पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे सूक्ष्म कण, मिळाले. ४००० वर्षांहून जुने. मडके धुवून-पुसून कपाटात मांडले असते तर हे गेले असते. आपल्या नेवाशाच्या उत्खननात मिळालेल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोरा वाचला आणि ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला, तर त्यात कापूस आणि रेशीम निघाले. घोडकाठच्या चांडोलीला अशाच मण्यांत जवसाच्या झाडाचा धागा मिळाला. म्हणजे इथे जवस होता, हे एकाही जळक्या दाण्याशिवाय कळले.

इस्राएलमध्ये गालील सरोवराच्या काठी ओहालो इथे १९८९ साली पाणी ओसरले आणि २३००० वर्षांपूर्वीच्या झोपड्या उघड्या पडल्या. गाळाखाली असल्याने तिथे हजारोंच्या संख्येने बिया टिकल्या, रानटी जव आणि गहूही. पाट्यावर धान्याचे पिष्टकण मिळाले. शेती सुरू होण्याआधी कितीतरी हजार वर्षे माणूस धान्य गोळा करून दळत होता, हे तिथल्या बियांनी दाखवले. आपल्याकडे असा गाळ थोडा. आपल्याकडे आहे ती राख, आणि राख आहे पांढरीत.

पांढर म्हणजे जुन्या गावठाणाचे टेकाड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडे यांनी ती माती भुरकट आणि भुसभुशीत झालेली असते. तिच्यात स्फुरद आणि चुना भरपूर, त्यामुळे शेतात टाकली की पीक चांगले येते. धाब्याच्या घरांवर टाकायलाही लोक हीच माती आणत. शेतकऱ्याने ती नेली यात त्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी पाटीने, फार तर बैलगाडीने जात असे. आता जेसीबी लागतो आणि आठवड्याच्या आत वरच्या मध्ययुगीन थरापासून खालच्या मुरमापर्यंत सगळे साफ होते.

आमच्या तालुक्यात अशाच एका टेकाडाची कापलेली कड मी जवळून पाहिली. वर काळपट थर, त्याखाली चोपलेल्या जमिनीची कडक पिवळसर रेघ, तिच्यावर राखेचा करडा पट्टा आणि त्या पट्ट्यात भाजून लाल झालेला चुलीचा अर्धा गोल. अर्धा जेसीबीने नेला होता. राखेत काळे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत होते. ट्रॉल्या भरणाऱ्या मुलांनी एक रंगीत खापर आणि दोन मणी बाजूला काढून ठेवले होते, कारण ते मौल्यवान असेल असे त्यांना वाटले. चुलीतल्या राखेबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. संबंधितांना कळवले तर हे ठिकाण संरक्षित नाही, आम्ही काही करू शकत नाही, असे उत्तर मिळाले. कायद्याने ते बरोबरही असेल. महाराष्ट्राच्या १९६० च्या पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण मिळते ते जाहीर झालेल्या स्मारकांना आणि स्थळांना, आणि गावोगावच्या बहुतेक पांढरी कुठल्याच यादीत नाहीत.

सगळ्या पांढरी संरक्षित करा, असे मी म्हणत नाही. ते होणार नाही आणि गावांना घरेही बांधायची आहेत. माझे मागणे लहान आहे. पांढर उकरण्याची परवानगी देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने पुरातत्त्व विभागाला कळवणे बंधनकारक करावे आणि विभागाने ठरावीक मुदतीत माणूस पाठवून फक्त एक कड सरळ करून घ्यावी, थरांची नोंद करावी आणि प्रत्येक थरातून मोजून माती न्यावी. बांधकाम अडवायचे नाही. जी माती नाहीतरी जाणार आहे तिचा प्रातिनिधिक नमुना तेवढा ठेवायचा. प्रमाणित बियाण्याची एक थैलीसुद्धा आपण तिच्या साठ्याचा नमुना तपासल्याशिवाय विकू देत नाही.

माती धुणे अवघड नाही, महागही नाही. पिंप, पाणी, चाळण्या आणि सावली लागते. अवघड आहे ते निवडणे आणि ओळखणे. तिथे मनुष्यबळ आहे, फक्त कोणी हाक मारलेली नाही. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, ठिकठिकाणी वनस्पतिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. डेक्कन कॉलेजात या विषयाची परंपरा आहे, लखनौला १९४६ साली स्थापन झालेली, प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करणारी बिरबल साहनी संस्था आहे, जिथे विष्णु-मित्रे यांनी देशातल्या प्राचीन धान्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या मुलांना दरवर्षी तीच ती पाने दाबून वही भरायला लावतात. त्याऐवजी गावरान वाणांचे दाणे जमवून, जाळून, मोजून संदर्भसंग्रह करायला सांगा. लाख, राळा, खपली गहू, गावरान वाल हे वाण आता मोजक्या घरांत उरले आहेत. ते संपले की जुना दाणा ताडून पाहायला हातात काही राहणार नाही.

संग्रहालयांनाही एक विनंती. जोर्वे संस्कृतीच्या दालनात चंबू-वाडगे असतात, मणी असतात, तांब्याच्या वस्तू असतात. तिथे एका काचेखाली भिंग लावून जवाचे चार जळके दाणे ठेवा आणि खाली लिहा की हे घोडकाठच्या माणसाचे रोजचे जेवण. मुले तिथे थांबतील, मी स्वतः शाळेत दाखवून पाहिले आहे.

वाचकांनी मात्र हौसेने स्वतः उकरायला जाऊ नये. थर मोडला की दाण्याला अर्थ उरत नाही. कुठे पांढर कापली जाताना दिसली तर कडेचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी किंवा छत्री उभी करावी, गावाचे नाव, गट नंबर आणि तारीख लिहावी आणि पुरातत्त्व विभागाकडे लेखी द्यावे. पोच घ्यावी. आपल्या दैनिकाने असे फोटो छापायला एखाद्या रविवारी पाव पान दिले तर काम पुष्कळ पुढे जाईल. कोणत्याही महाविद्यालयाने धुतलेला गाळ निवडण्यासाठी बोलावले तर मी माझे भिंग, चिमटे आणि संदर्भाच्या बाटल्या घेऊन येईन. मानधन नको. प्रवासाची सोय मी करीन.

आपली,
एक निवृत्त बीज विश्लेषक
ता. शिरूर, जि. पुणे